विळ्याच्या आकाराची पेशी

म्हैसूरच्या दक्षिणेस निलगिरीचे डोंगर आहेत. तेथील आदिवासींच्या रक्तात सिकलसेलचा दोष असल्याचे 1952 साली आढळले. भारतातील या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक होय. विदर्भातील आणि नंदुरबारकडील कित्येक घरांत मात्र हा आजार नावावाचून पिढ्यान्पिढ्या नांदत होता. मूल दगावले की बोल लागे तो आईलाच.

निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते. ती सुमारे 120 दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. म्हणून अंगात रक्त कमी. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की हाडांत असह्य कळा उठतात. अशा मुलाला आळशी म्हणून हिणवले जाते, हे त्याचे दुसरे दुखणे.

नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. त्यांच्या मुलाला हा आजार होता. घरचे दुःख घरात न ठेवता त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेमार्फत लोकांना आजार समजावला व रुग्णांच्या हक्कांसाठी सरकारकडे पाठपुरावा केला. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला; 2018 मध्ये रामटेके यांना पद्मश्री जाहीर झाली.

समजावणे सोपे नसते. ज्याला दोष एकाच पालकाकडून मिळाला तो वाहक. तो सहसा आजारी पडत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ‘एक आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब खोटा. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो. म्हणून रक्ततपासणी लग्नाआधी हवी. पण सोयरीक मोडेल या भीतीने मुलीचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते आणि मुलाकडे तर कार्ड कोणी मागतही नाही! दोष दोन्हीकडून येतो, हे ठाऊक असूनही.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणीनंतरची काळजी मात्र घरातच घ्यावी लागते. फॉलिक अॅसिड, डॉक्टरांनी दिल्यास हायड्रॉक्सियुरिया, थंडीत ऊब, ताप येताच दवाखाना आणि भरपूर पाणी. शाळेत निघालेल्या मुलाच्या हाती बाटली द्यावी, आणि गुरुजींना सांगून ठेवावे, की पाणी पिण्यासाठी त्याला परवानगी मागायला लावू नका.