कोंड्याचा मांडा

मिनियापोलिस मोठं झालं ते पिठावर. मिसिसिपीवरच्या सेंट अँथनी धबधब्याच्या जोरावर इथे गिरण्या उभ्या राहिल्या आणि 1880 ते 1930 या काळात हे शहर जगाची पिठाची राजधानी म्हणून ओळखलं गेलं. या भागातला गहू कठीण. दगडी जात्यात त्याचा कोंडा फुटून पिठात मिसळायचा. 1870 नंतर इथल्या गिरण्यांत हवेच्या झोताने कोंडा वेगळा काढणारी यंत्रं आली, पाठोपाठ पोलादी रूळ आले, आणि पांढरंशुभ्र पीठ देशभर घराघरांत पोचलं. कोंडा आणि अंकुर गेल्यामुळे ते जास्त टिकू लागलं. मात्र शंभर ग्रॅम गव्हातले दहाएक ग्रॅम तंतू तीनेक ग्रॅमवर आले.

त्याच शहरात रविवारी सकाळी आमच्या ओट्याशी दोन स्टुलं लागतात आणि कणकेचा डबा उघडतो. बाहेर पारा उणे वीसवर असतो, मुलांना अंगणात सोडता येत नाही. अशा वेळी तापलेल्या ओव्हनइतकी चांगली सोबत नाही.

तीन वर्षांचा धाकटा मफिनच्या साच्यात कागदी वाट्या बसवतो आणि दोन पिकलेली केळी काट्याने कुस्करतो. सात वर्षांची मोठी दोन अंडी वेगळ्या भांड्यात फोडते, म्हणजे टरफलाचा तुकडा पडलाच तर काढता येतो. मग केळ्यात ती अंडी, अर्धा कप दही, पाव कप तेल आणि एक तृतीयांश कप चिरलेला गूळ. दुसऱ्या भांड्यात दोन कप कणीक, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी. दोन्ही एकत्र केलं की कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं. जास्त घोटलं तर मफिन चिवट होतात. मग दहा मिनिटं झाकून ठेवायचं, कारण कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. शेवटी कपभर ब्लूबेरी. 190 अंश सेल्सियसवर वीसेक मिनिटांत बारा मफिन होतात.

गरम मफिन मोडला की फळाभोवती हिरवट-निळी कडा दिसते. "आई, हे खराब झालं का?" असं मुलीने विचारलं, तेव्हा तिला सोड्याची गंमत सांगता आली: सोडा लागला की ब्लूबेरीचा रंग पालटतो, लिंबू पिळलं की लालसर होतो. तिने लगेच वाटीत करून पाहिलं.

ब्लूबेरी इथल्या उत्तरेकडच्या जंगलात आपोआप उगवते. कार्ल्टन गावच्या तिसरीच्या मुलांनी मागणी केली आणि 1988 मध्ये ब्लूबेरी मफिन मिनेसोटाचा अधिकृत राज्य-मफिन झाला.

मात्र कॅफेच्या काचेआडचा मुठीएवढा मफिन म्हणजे बहुतेक वेळा मैद्याचा केकच असतो. दोन वर्षांवरच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. तसा एकच मफिन तेवढी साखर सहज पोटात घालतो. घरच्या मफिनमध्ये गूळ पाच-सहा ग्रॅम जातो, उरलेली गोडी केळ्याची.

पालेभाजी, फळं, कोंडा मुलांच्या पोटात जावा म्हणून आपण पदार्थात लपवून घालतो. मला ते पटत नाही. जे मुलांनी स्वतः कुस्करलं, मोजलं, फुगताना काचेतून पाहिलं, ते ती आपणहून मागून खातात. लपवलेलं अन्न पोटात जातं, पण त्याची आवड लागत नाही.

मुलं लहान असतानाच त्यांना ओट्याशी घ्या. ओव्हनला हात तेवढा तुम्हीच लावा आणि कच्चं मिश्रण चाटू देऊ नका, कारण कच्च्या अंड्याइतकंच कच्चं पीठही बाधू शकतं. बाकी सांडलवंड होऊ द्या. ओटा पाच मिनिटांत पुसून होतो, खाण्याची सवय मात्र जन्मभर पुरते.