ट्रॉलीत बसवलेली तीन माणसं

सेलबारी घाटाच्या उतारावर ट्रॅक्टर माझ्या ताब्यात राहिला नव्हता. फार तर पंधरा-वीस सेकंद. पण मागच्या ट्रॉलीत तीन माणसं होती आणि त्यांना तिथं मीच बसवलं होतं. याला आता तीन वर्षं झाली. आमच्या लोणखेड्यातून चैत्रात आजही ट्रॉल्या निघतात, म्हणून माझ्याकडून काय काय चुकलं ते लिहून ठेवतो आहे.

चैत्रात खानदेशातून हजारो माणसं सप्तशृंगगडावर पायी जातात. आमची वाट प्रकाशाचा तापी पूल ओलांडून नंदुरबार, मग विंचूर–प्रकाशा रस्त्यानं साक्री, पिंपळनेर, सेलबारी घाट, ताहाराबाद, सटाणा, कळवण आणि नांदुरी अशी. सगळं मिळून २०० किलोमीटरच्या आसपास. चालणारे पहाटे तीनला निघतात, ऊन तापायच्या आत टेकतात आणि संध्याकाळी पुन्हा चालू लागतात. त्यांच्या पुढं एक गाडी जाते. मुक्कामाची जागा धरायची, सावली करायची, चूल मांडायची, पाणी तयार ठेवायचं, हे तिचं काम. आमच्या चाळीस माणसांसाठी ती गाडी म्हणजे माझा ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉलीवर कमानी वेल्ड करून ताडपत्री ओढली. आत शिधा, गॅस, भांडी, अंथरुणं ठेवली आणि मागच्या फाळक्याजवळ १००० लिटरची पाण्याची टाकी बसवली.

मला स्वतःवर फार विश्वास होता. दहा-बारा हंगाम मी पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊस ओढला आहे, तोही एकामागं एक दोन ट्रॉल्या लावून. पण फडापासून काट्यापर्यंतचा रस्ता सपाट आणि रोजचा. कुठं खड्डा आहे, कुठं वळण आहे, डोळे मिटून सांगता येतं. ट्रॉली जोडायची पिन तुटली तर एक फोन केला की गावातून माणूस येतो. येताना ट्रॉली रिकामी असते. दोनशे किलोमीटरच्या रस्त्यात यातलं काहीच नव्हतं आणि निघण्याआधी याचा मी एकदाही विचार केला नाही.

वेळेचा हिशेब मी मोबाइलच्या नकाशावरून केला. नकाशा कारची वेळ दाखवतो. भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर ताशी वीसच्या वर नेऊ नये, चढाला तर दहावर येतो. शिवाय पहाटे माणसं निघाल्यावर मागं राहून अंथरुणं गोळा करायची, भांडी घासायची, टाकी भरायची, यात दोन तास जातात. हे दोन तास माझ्या कागदावर नव्हतेच. पहिल्या दिवशीच माणसं मुक्कामावर आधी पोचली आणि ट्रॉली नंतर.

निजामपूरच्या अलीकडं रस्त्याकडेच्या शेतातून एक पोरगा हात हलवत धावत आला. "भाऊ, थांब! चाकमाईन धूर निंघी ऱ्हायना!" उतरून बघितलं तर डाव्या चाकाचा हब इतका तापला होता की त्याच्याजवळ हात नेववेना. हंगाम नुकताच संपला होता. सहा महिने उसाखाली दबलेली ट्रॉली मी हब न उघडता, बेअरिंग न धुता, नवं ग्रीस न भरता तशीच बाहेर काढली होती. घरून निघताना टायर बघितले, हवा बघितली, वरून पाणी मारून ट्रॉली धुतली, रंगाचा हातही दिला. जे दिसत नाही ते तपासायचं राहिलं. जॅक होता, तो भरल्या ट्रॉलीला पुरेना. अर्धी टाकी रस्त्यावर सोडून दिली तेव्हा कुठं चाक उचललं गेलं. साक्रीहून बेअरिंग आणून बसवेपर्यंत साडेतीन वाजले. तेवढ्या वेळात आमची माणसं पुढं एका लिंबाखाली बसून होती. कोणाकडं बाटलीत घोटभर पाणी, कोणाकडं तेही नाही. पाणी ट्रॉलीत आहे या भरवशावर त्यांना ओझं न घेता चालायला मीच सांगितलं होतं. एका शेतकऱ्यानं त्यांच्यासाठी मोटर चालू केली, तिथं सगळे पाणी प्यायले. मी पोचलो तेव्हा मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

अर्धी रिकामी टाकी ही पुढची अडचण. दोन चाकांच्या ट्रॉलीत वजनाचा काही भाग एक्सलच्या पुढं, हुकावर यावा लागतो. वजन मागं गेलं की दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डावी-उजवीकडं झोकांड्या खाते. परदेशात कारमागं राहायची कॅरॅव्हॅन ओढून नेतात, तिथं हे वजन मोजून बघतात. ब्रिटनमध्ये एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के हुकावर ठेवायला सांगतात. आमची टाकी तर थेट फाळक्याला टेकलेली, कारण नळाला तोटी लावायला तीच जागा सोयीची होती. त्यात पाणी अर्धं, म्हणजे प्रत्येक ब्रेकला ते पुढं-मागं आपटायचं. झोकांडी मला पिंपळनेरपर्यंत जाणवत होती. थांबून टाकी पुढं घ्यायला अर्धा तास लागला असता. आदल्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून मी थांबलो नाही.

पिंपळनेरला तिघांचे पाय सुजले होते. दोन मावशी आणि एक आबा. त्यांना मी ट्रॉलीत, अंथरुणांवर बसवलं. ट्रॉली मालासाठी असते, तिच्यात माणसं नेणं कायद्याला मान्य नाही, हे मला ठाऊक होतं. सगळेच नेतात, एवढाच माझा विचार.

घाट चढून उताराला लागलो तो मोठ्या गिअरमध्ये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मी गड्यांना सांगत आलो आहे. वेग वाढायला लागला तसा गिअर बदलायला क्लच दाबला आणि गिअर पडेना. इंजिनाचा अटकाव गेला. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, तिचं सगळं वजन मागून ढकलायला लागलं. मी ब्रेक दाबला, पण तो एकाच चाकाला लागला. शेतात बांधाशी वळताना ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेकची पायडलं सुटी लागतात. रस्त्यावर ती पट्टीनं जोडून घ्यायची असतात. शेवटची वखरणी केल्यापासून ती पट्टी मी लावलीच नव्हती. सपाटीवर पाऊल दोन्ही पायडलांवर एकदम पडत होतं, म्हणून लक्षात आलं नाही. घाबरल्यावर ते उजव्यावरच पडलं. ट्रॅक्टर उजवीकडं फिरला, ट्रॉली कोनात आली, तिचा कोपरा मडगार्डवर बसला आणि सगळं डोंगराच्या बाजूच्या चरात अडकून थांबलं. समोरून त्या क्षणी काही आलं नाही. यात माझ्या चालवण्याचा काही वाटा नाही.

एका मावशींचं मनगट मोडलं. दुसऱ्यांच्या अंगावर भांडी पडली. आबा अंथरुणात होते म्हणून वाचले. मावशींना सटाण्याला नेलं, हात प्लास्टरमध्ये बांधला. त्यांच्या मुलाला फोन मी केला. तो एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही होतात म्हणून आम्ही आईला पाठवलं होतं."

नांदुरीला आणखी एक कळलं. यात्रेच्या दिवसांत तिथून वर खासगी वाहन सोडत नाहीत, एसटीनंच जायचं. त्याच घाटात २००८ च्या जानेवारीत बस दरीत कोसळून चाळीसहून जास्त भाविक गेले होते. माझ्या कागदावर मात्र शेवटचा मुक्काम गडावर, ट्रॉलीसकट, असा लिहिलेला होता. एक फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं.

आता मी आठ दिवस आधी हब उघडतो. टाकी एक्सलच्या पुढं ठेवतो आणि घाटाआधी एक तर पूर्ण भरतो, नाही तर पूर्ण रिकामी करतो. पिनेला लॉक आणि सोबत साखळी असते, मागं रेडियम लावलेलं असतं. पट्टी लावली का, हे मी स्वतः बघतो आणि दुसऱ्या कोणाला तरी बघायला लावतो. चालणाऱ्या प्रत्येकाकडं पाण्याची बाटली स्वतःची असते.

यंदा ट्रॉली घेऊन निघणाऱ्यांना माझी विनंती आहे. वर्गणी गोळा कराल तेव्हा पाय सुजणाऱ्या चार-पाच जणांच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा. ट्रॉलीत माणूस बसवू नका.