माळ्यावरचा पाट

धाकटी सातवीत आहे. एका रविवारी तिने हट्टच धरला, "पाकिटातला नको, पास्ता घरीच करू." आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. कृती वाचून समजली म्हणजे जमलीच, असा आमचा समज.

बिस्मिल्लाह करून परातीत ४०० ग्रॅम मैदा घेतला, मध्ये आळे करून चार अंडी फोडली. १०० ग्रॅमला एक अंडे, हे उत्तर इटलीतल्या घरांचे प्रमाण. दहा मिनिटे मळून मनगटे दुखली, तरी गोळा कोरडा, भेगाळलेला. आम्ही पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको. झाकून ठेवा."

दारात अम्मी उभ्या होत्या. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात साथ देत नाही. त्याआधी ईदच्या शेवया त्या घरीच, पाटावर वळायच्या. नंतर आम्ही बाजारातून आणू लागलो आणि पाट माळ्यावर गेला. "आता तुम्ही आराम करा," असे म्हणताना आपण त्यांची खिदमतच करतो आहोत, असे वाटायचे. हळूहळू त्या स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या, हे ध्यानातही आले नव्हते.

अर्ध्या तासाने गोळा उघडला, तर मऊ आणि लवचीक. पीठ सगळा ओलावा शोषून घेते आणि मळताना आलेला ताण विसाव्याने सैलावतो. पोळी लाटली. अम्मींनी डाव्या हाताने तिची कड उजेडात धरली. "अजून लाटा. पलीकडची बोटे दिसली पाहिजेत."

मैदा भुरभुरून, घडी घालून पट्ट्या कापल्या. पण पाकिटाच्या सवयीने पहिला घाणा दहा मिनिटे उकळला आणि त्याचा लगदा झाला. "ओले आहे ते, वाळलेले नाही," अम्मी म्हणाल्या. दुसरा घाणा तीन मिनिटांत काढला, सुरेख झाला. लगदाही फेकला नाही. कांदा-मिरची घालून तव्यावर परतला. मुलांनी आधी तोच संपवला.

दस्तरखानावर आम्ही मुलांना अल-इद्रीसीची गोष्ट सांगितली. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या भूगोलाच्या ग्रंथात त्याने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद केली आहे. तिथे 'इत्रिया' नावाचा शेवयांसारखा पदार्थ बनायचा आणि जहाजांतून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जायचा.

धाकटीचे लक्ष मात्र दादीकडे होते. "दादी, मला शेवया शिकवाल?"

अम्मींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. "हात तुझे लागतील," त्या म्हणाल्या.

आराम देणे म्हणजे काम काढून घेणे नव्हे, हे आम्हा दोन शिक्षकांना त्या दिवशी कळले. रमजानला अजून दीड महिना आहे. पाट धुऊन उन्हात ठेवला आहे.