चार वाजून गेले

लातूरची आहे म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला. ‘अरे वा, लातूर पॅटर्न! मग डॉक्टर का?’ मी म्हणते, ‘नाही, नर्स.’ मग एक छोटासा पॉज येतो. त्याची मला आता इतकी सवय झालीय की तेवढ्या वेळात मी चहाचा एक घोट घेऊन टाकते.

मध्यंतरी एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला पुण्याला गेले होते. जेवणानंतर आम्ही चारपाच जणी बाल्कनीत बसलो. सगळ्या आयटी नाहीतर बँकेतल्या. बोलता बोलता एकजण म्हणाली, ‘रविवारी संध्याकाळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो गं. तुला कसं कळलं, तुला हेच करायचंय ते?’ प्रश्न मनापासून होता. पण दोन वाक्यांत सांगता येईना. ‘बस, जमून गेलं’ असं काहीतरी बोलून मी विषय बदलला. लातूरला परतताना रात्रभर बसमध्ये मात्र तोच प्रश्न डोक्यात. तर त्याचं लांबलचक उत्तर हे असं.

29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. मी सहा वर्षांची. किल्लारीपासून थोड्याच अंतरावरचं आमचं गाव. संध्याकाळी गणपतीचं विसर्जन झालं आणि गुलालानं माखलेली मी तशीच आजीजवळ ओसरीवर झोपले. आई आणि माझा तीन वर्षांचा भाऊ आत, माळवदाखाली. माळवद म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाडजूड थर. भिंती दगडांच्या, चिखलात रचलेल्या, इतक्या रुंद की त्यातल्या कोनाड्यात आम्ही मुलं लपायचो. उन्हाळ्यात अशा घरात पंखाही लागत नाही. पण 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली तेव्हा त्याच भिंतींनी आणि त्याच मातीनं माणसं मारली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. पक्क्या बांधणीच्या गावात एवढ्या धक्क्यानं इतकी माणसं जात नाहीत. आमच्याकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास गेली, आणि हा झाला सरकारी आकडा. वर पाऊस.

आई आणि भाऊ वाचले नाहीत. वडील शेतात होते म्हणून वाचले. (वाचले म्हणायचं एवढंच. नंतर ते कधी धड बोलले नाहीत.) ओसरीचा खांब माझ्या पायावर पडला. आजीला खरचटलंसुद्धा नाही, आणि हे तिला मरेपर्यंत सहन झालं नाही.

सहा वर्षांच्या मुलीनं या सगळ्याचा साधा हिशेब लावला. संध्याकाळी आपण देवाला पाण्यात सोडलं आणि पहाटे घर पडलं. म्हणजे देव गेला आणि मग भूकंप आला. ही समजूत मी कोणालाच सांगितली नाही, त्यामुळे ती कोणी दुरुस्तही केली नाही. पुढे कितीतरी वर्षं गणपतीची आरती सुरू झाली की मी काहीतरी कारण काढून बाहेर जायचे.

पायाला प्लास्टर घालून मला सोलापूरच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. तिथली गर्दी, रडारड, औषधांचा वास, सगळं आता पुसट झालंय. स्वच्छ आठवते ती एक सिस्टर. माझ्या केसांत चिखल आणि गुलाल वाळून बसला होता. ड्युटी संपल्यावर ती माझ्या कॉटवर येऊन बसली, वाटीत तेल घेतलं आणि एकेक बट सोडवत बसली. खूप वेळ. त्या दिवसांत प्रत्येकजण मला काहीतरी विचारत होता. गाव कुठलं, आई कुठाय, घरात किती माणसं होती. हिनं काही म्हणजे काहीच विचारलं नाही. दोन वेण्या घातल्या आणि गेली. तिचं नाव मला माहीत नाही.

हे वाचून वाटेल, झालं, तिथंच हिनं ठरवलं. छे! मला डॉक्टरच व्हायचं होतं. शाळेसाठी मला नांदेडला मामाकडे ठेवलं होतं आणि मामीनं बारावीपर्यंत अक्षरशः स्वतःचे दागिने मोडून क्लासची फी भरली. सीईटीत आपटले. लातूर-नांदेडकडे त्या मार्कांना काय किंमत असते ते तिकडच्यांनाच कळेल. गल्लीतला प्रत्येकजण निकाल विचारत होता आणि मी महिनाभर मागच्या दारानं ये-जा करत होते. शेवटी 2005 मध्ये जीएनएमला, म्हणजे तेव्हाच्या साडेतीन वर्षांच्या नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं, ते ‘निदान पोटापाण्याचं होईल’ म्हणून. पॅशन वगैरे शब्द तेव्हा आमच्या घरी पोचलेले नव्हते.

पहिलं वर्ष वाईट गेलं. बेडपॅन, बेड मेकिंग, पुन्हा बेडपॅन. हातखर्चाला पैसे नसायचे. मेस बंद असली की रविवारी मी चालत गुरुद्वारात जायचे. सरळच सांगते, भूक लागलेली असायची म्हणून जायचे. नांदेडचं सचखंड म्हणजे गुरू गोविंदसिंहांचं अखेरचं ठिकाण, 1708 मध्ये इथंच त्यांचा अंत झाला. जगभरातून माणसं इथं माथा टेकायला येतात, आणि मी यायचे डाळ-पोळीसाठी. डोक्यावर ओढणी घ्यायची, पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढे करून पोळी घ्यायची. कोण, कुठली, कशाला आलीस, कोणी विचारत नाही. चौथ्या-पाचव्या रविवारी एकदम लक्षात आलं, हे न विचारणं मला ओळखीचं आहे. ती वेण्या घालणारी सिस्टर!

मग नुसतं खाऊन उठायची लाज वाटायला लागली. मी पोळ्या लाटायला बसू लागले. तिथं एक शीख आजी होत्या, पिढ्यान्‌पिढ्या नांदेडच्या, अस्सल इकडची मराठी बोलायच्या. मी नर्सिंग शिकते म्हटल्यावर त्यांनी मला भाई कन्हैयांची गोष्ट सांगितली. 1704 च्या सुमारास आनंदपूरला लढाई चालू असताना हा माणूस पखाल घेऊन जखमींना पाणी पाजत फिरायचा. आपले आणि शत्रूचेही. लोकांनी गुरूंकडे तक्रार केली. गुरूंनी बोलावून विचारलं तर तो म्हणाला, मला त्यांच्यात वेगळं कोणी दिसतच नाही. त्यावर गुरूंनी त्याला शिक्षा केली नाही, उलट मलमपट्टीचं सामान दिलं. म्हणजे रेडक्रॉसच्या दीडशे वर्षं आधी! कॉलेजात आम्हाला नाइटिंगेलबाईंचा दिवा हातात धरून शपथ दिली होती. तीही छानच. पण मला आजही ड्रेसिंगचा ट्रे हातात घेतला की आधी पखालवाला आठवतो.

त्या सुमारास सुट्टीत गावी गेले होते. सरकारनं दिलेलं अडीचशे चौरस फुटांचं घर होतं, पण आजी त्यात कधी झोपली नाही. बाहेर पत्र्याखाली तिची बाज. पहाटे उठून ती हरिपाठ म्हणायची. मी वैतागून विचारलं, ‘एवढं सगळं झालं, तरी तू त्याचंच नाव घेतीस?’ आजी म्हणाली, ‘राग हाय त्याच्यावर मनून तर रोज भांडाय जाते. राग सोडला तर बोलायचंच बंद व्हईल की.’ कीर्तनात काय, पुस्तकात काय, श्रद्धेविषयी याहून मला पटेल असं अजून कोणी सांगितलेलं नाही.

2008 च्या ऑक्टोबरअखेरीस गुरुतागद्दीची त्रिशताब्दी झाली. नांदेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्राथमिक उपचाराच्या एका तंबूत मी दिवसभर फोड आलेले पाय धूत होते. पंजाबी, तेलुगू, आपले मराठी, सगळे पाय. संध्याकाळी कंबर मोडली होती आणि तरी मला घरी जावंसं वाटत नव्हतं. करिअर कौन्सिलिंग ज्याला म्हणतात ते माझं त्या तंबूत झालं.

पुण्याची नोकरी थोडक्यात उरकते. एका खासगी हॉस्पिटलात तीन वर्षं काढली. रुजू होताना ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतलेली, बॉण्डवर सही, आणि एका नर्सवर किती पेशंट हे विचारायचं नाही. दवाखाना बदलायचा म्हटलं तर कागद त्यांच्या कपाटात. हे वाचणाऱ्यांत कोणी एचआरमध्ये असेल तर त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. कागद परत मिळाले त्या दिवशी मी लातूरचं तिकीट काढलं. पगार कमी झाला आणि मामी आठवडाभर बोलली नाही.

लातूरनंही लाड केले नाहीत. 2016 च्या उन्हाळ्यात शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. सगळ्या देशानं त्या गाडीचे फोटो पाहिले. फोटोत नव्हतं ते हे, की वॉर्डात प्रत्येक पेशंटनंतर हात धुवावेच लागतात, मग पाणी असो-नसो. आम्ही एकजण तांब्यानं पाणी ओतायचो आणि दुसरीनं धुवायचं. एका तांब्यात दोघींचे हात कसे होतात, ते शिकवणाऱ्या आमच्या वॉर्डातल्या मावशींना खरं तर पुरस्कार द्यायला हवा. नंतर 2020 ला कोविड आला तेव्हा बाकी जग हात धुवायला शिकत होतं.

आता त्या रात्रीविषयी सांगते. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. रात्री कॉटवर झोपायचेच नाहीत. बघावं तर घोंगडी घेऊन दाराबाहेर. ज्युनियर सिस्टरनं नोट्समध्ये लिहिलं होतं, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ मी ओव्हर घेतला आणि राउंडला त्यांना विचारलं, ‘बाबा, गाव कुठलं?’ त्यांनी नाव सांगितलं. पुढचं विचारायची गरज नव्हती. ते गाव आमच्या गावापासून दोन मैलांवर. डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली आणि मी नि वॉर्डातल्या मामांनी त्यांची कॉट ढकलत व्हरांड्यात नेली, वरचं छत संपतं तिथपर्यंत.

तरी ते जागेच. टेकून बसलेले, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेतीनला मी स्टूल घेऊन शेजारी बसले. बोललो नाही. पावणेचार झाले, चार वाजत आले. त्यांची नजर अधू होती, म्हणाले, ‘वाजले का?’

‘वाजले बाबा. चार वाजून गेले.’

ते आडवे झाले. डोळे मिटता मिटता म्हणाले, ‘तुमी कुठल्या?’ मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. नुसते पाय आखडून घेतले, मला कॉटवर नीट बसता यावं म्हणून.

सहाच्या टेंपरेचरला उठवलं तेव्हा घोरत होते. चार्टवर मी लिहिलं, झोप: 4.10 ते 6.00, चांगली.