गिरणगावची मुलं कुठे गेली?

लोअर परळला सकाळी नऊची लोकल रिकामी होते आणि माणसांचा लोंढा काचेच्या कचेऱ्यांकडे वळतो. गळ्यात ओळखपत्रं, चालण्यात घाई. या गर्दीत वडिलांचं बोट धरून शाळेला निघालेलं पोर मात्र क्वचितच दिसतं.

एके काळी या गिरणगावचा दिवस कापड गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचा. रातपाळी सुटली की केसांत कापसाचे कण घेऊन बाप चाळीत यायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि पोराला शाळेत सोडून मगच आडवा व्हायचा. गिरणीसारखीच महापालिकेची शाळाही पाळ्यांत भरे: सकाळचं अधिवेशन, दुपारचं अधिवेशन. दहा बाय बाराच्या खोलीत वही उघडायला जागा नसे, म्हणून अभ्यास जिन्यात व्हायचा. याच कामगार-मुंबईत वाढलेले कवी नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. गिरणी, चाळ आणि शाळा एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; हजारो जण पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनीतला एक वाटा मोकळ्या जागांना आणि एक परवडणाऱ्या घरांना ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरतीच उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. मॉल आले, मनोरे आले, जमिनीचे भाव चढले. चाळींचा पुनर्विकास झाला तिथे घर मिळालं खरं. पण लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा महिन्याचा खर्च अनेकांना झेपला नाही. कुठे भावाभावांत वाटणी करायची म्हणून खोली विकली गेली. बिऱ्हाडं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेली आणि मुलंही तिकडच्या शाळांत गेली. मनोऱ्यांतही मुलं राहतात, पण त्यांची बस फाटकातून त्यांना घेऊन दूरच्या महागड्या शाळेत जाते.

मग इथल्या महापालिकेच्या मराठी शाळांचा पट घटतो. पट घटला म्हणून शिक्षक कमी होतात, दोन इयत्ता एका वर्गात बसतात. ते पाहून उरलेले पालक दाखला काढून नेतात. शेवटी मुलांचं दुसऱ्या शाळेत ‘समायोजन’ होतं, शाळेला टाळं लागतं आणि कागदावर कारण राहतं एकच: अपुरी पटसंख्या.

इंग्रजीची ओढ खरी आहे. पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. पण मराठी शाळा ओस पडल्याचं सगळं खापर तिच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. तिची निवड तरी दिसते; वस्ती हलवणाऱ्यांचे निर्णय पटाच्या आकड्यांमागे लपून राहतात.

पुनर्विकासाच्या आराखड्यात गाडी उभी करायच्या जागा नेमक्या मोजलेल्या असतात. तशीच इथून चालत शाळेत जाणारी मुलंही मोजा. बांधकाम चालू असेपर्यंतचं संक्रमण शिबिर वस्तीजवळच द्या, नव्या घराचा देखभाल खर्च जुन्या भाडेकरूला पेलेल असा ठेवा. शाळा टिकवायची तर तिच्या मुलांची घरं आधी टिकवावी लागतील.