एका कॅमेऱ्याचे गुणदोष

स्थळ पाहायला जावे तसा मी २००९ साली बारामतीहून पुण्याला कॅमेरा पाहायला गेलो. चार दुकानांत पत्रिका जुळवल्या आणि अखेर एक हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डर घरी आणला. तळहाताएवढा, आणि छोट्या कॅसेटवर तासभर चित्रण करणारा. किंमत ऐकून सौभाग्यवती न बोलता देवघरात गेल्या. आई तेवढी म्हणाली, "यात आवाजही येतो का रे?"

त्याचा पहिला गुण नजरेचा. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात ५७६ ओळी असत, यात १०८०. आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला आली. तिथे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. घरी येऊन पाहतो तो धोतराचा काठ वेगळा, मेंढीच्या लोकरीतला चिखल वेगळा! दुसरा गुण, दूरचे दहापट जवळ आणण्याचा.

आता दोष. दिवस कलला की स्वारीला दिसेनासे होई. चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटत. आतला पडदा चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून बेलवाडीच्या रिंगणात धावत्या अश्वामागे कॅमेरा झर्रकन फिरवला, तर उभे खांब तिरके झाले. पण सर्वांत मोठा दोष कानाचा. माइक कॅमेऱ्यातच; त्यामुळे समोरच्या टाळमृदंगापेक्षा वारा मोठा, आणि वाऱ्यापेक्षा शेजारी उभे असलेले माणूस मोठे.

शेजारी आई होती.

"अरे, ती बाई बघ! माझ्याच वयाची असेल. डोक्यावर तुळस घेऊन कशी पळतेय!"

मी वैतागलो. "आई, बोलू नकोस ना! सगळं आत जातंय."

तिने ओशाळून तोंडाला पदर लावला. अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. तीही गेली, पण न बोलता.

पुढे इंदापूरच्या रिंगणाचे चित्रण निर्दोष झाले. थंडीत आम्ही उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावला, रोहित पक्षी पाहायला होडीतून गेलो. गुलाबी पंख असे स्पष्ट आले की पाहुण्यांना मी ती कॅसेट आग्रहाने दाखवीत असे. आवाज फक्त पाण्याचा आणि पक्ष्यांचा.

आईला जाऊन आता सहा वर्षे झाली. त्या कॅसेटी वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली, म्हणून मागच्या वर्षी सगळे चित्रण संगणकावर उतरवून घेतले. तासाला सुमारे ११ जीबी भरले. उतरवताना सगळे पुन्हा पाहिले. इंदापूरला आईचा शब्द नाही. कुंभारगावला एकदा चित्राच्या कडेला तिचे बोट येते. थव्याकडे दाखवते, क्षणभर थांबते आणि मागे जाते. तिला काय सांगायचे होते, ते कळायला आता मार्ग नाही. तिचा आवाज आहे तो बेलवाडीचाच, मी गप्प करीपर्यंतचा.

नातू आता मोबाइलवर याहून सुरेख चित्रण करतो. "आजोबा, आवाज येतोय!" म्हणून ओरडतो. मी त्याच्या शेजारी उभा राहतो आणि मुद्दाम मोठ्याने बोलत राहतो.