मॉनिटर आणि टिकली

वर्गाचा मॉनिटर तुम्हाला चांगलाच माहीत आहे. कोण बडबड करतं, कोणी गृहपाठ केला नाही, सगळं खरं खरं सरांच्या कानावर घालणारा! आमच्या हदगावच्या घरी असे दोन मॉनिटर आहेत. पण ते आहेत स्पीकर. मागच्या छोट्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून मी घरगुती स्टुडिओ केलाय. शाळेतल्या मुलांच्या कविता, गोष्टी तिथे रेकॉर्ड करतो. साधा स्पीकर आवाज जरा नटवून ऐकवतो. मॉनिटरचं काम आहे तसा ऐकवायचं.

पोरं आली की मागणी ठरलेली. "सर, आवाज वाढवा की!" मी बटण खाली आणलं की लगेच, "कमी काऊन करता?"

त्यांचंही खरंच आहे. मोठ्या आवाजात सगळंच झकास वाटतं. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी लोकांना निरनिराळे सूर ऐकवून याची मापंच काढली. आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्जातले सूर फार कमी ऐकू येतात. मोठा केला की तेच भरदार लागतात. तबल्याचा डग्गा घ्या ना. बटण फिरवलं की तो घुमायला लागतो आणि आपण म्हणतो, वा, काय रेकॉर्डिंग झालंय! रेकॉर्डिंग तेच असतं हो. दोनदा म्हटलेल्या कवितेतली कोणती चांगली, हे ठरवताना एक मोठी आणि एक लहान वाजवली, तर मोठीच जिंकणार. हा कुठला न्याय?

म्हणून बटण एकच फिरवायचं. आवाज कमीजास्त करायच्या जागा तीन असतात : कॉम्प्युटरमध्ये, स्पीकरच्या पाठीमागे आणि माईक-स्पीकर जोडायच्या डबीवर. या डबीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मी कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण ठेवतो, पाठीमागची दोन्ही बटणं सारखी लावून विसरून जातो आणि फक्त डबीचं बटण हातात ठेवतो. समोर बसून बोलावं तेवढा आवाज झाला, तिथे घरातली एक लाल टिकली चिकटवली आहे. पोरांना ती फार आवडते.

दुसरं कारण कानाचं. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असं तज्ज्ञ सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ आणि १०० ला फक्त १५ मिनिटं! कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात केसासारखे तंतू असलेल्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वरातीतल्या डीजेपुढे नाचणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि हो, माईक चालू असताना मॉनिटर बंदच. नाहीतर स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि कुंऽऽई अशी शिट्टी!

चौथीतली एक मुलगी अगदी हळू बोलते. तिची कविता मोठ्या आवाजात सगळ्यांना छान वाटली. टिकलीवर बटण आणलं, तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गडप! तिनेच तो ओळखला. "सर, माझा शब्द कुठं गेला?" मग माईकच्या थोडं जवळ बसून, ओळ संपेपर्यंत श्वास पुरवून तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा शब्द आला. शेजारच्या कुकरची शिट्टीही आली. ती मी तशीच राहू दिली.